काजूचा हिशेब आणि माकडतापाची लस



'भारत ही लसींची जागतिक राजधानी' ही पोस्ट या महिन्यात मला चार ठिकाणांहून आली. त्यातली एक इंदूरच्या आपल्याच माणसांकडून, एक बडोद्याच्या. खाली टाळ्यांची रांग. टाळ्यांना माझी हरकत नाही. डोसांच्या संख्येत जगातली सर्वांत मोठी लस कंपनी पुण्यात आहे, हे खरं आहे आणि मोठंही आहे. पण मी जन्मभर बँकेत कर्जाचे कागद तपासले. ताळेबंदाची फक्त येणी दाखवायची आणि देण्यांचं पान घरी विसरून यायचं, असं गिऱ्हाईक आम्ही ओळखून असायचो. त्या पोस्टमधून जे पान वगळलंय ते मी इथे मांडतोय. थोडं लांब आहे, सवडीने वाचा.

त्या पानावर बाकीही बरंच असेल. मला माहीत असलेली नोंद एकच : माकडताप.

हा रोग आपल्याच भागातला आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी शंका आली पिवळ्या तापाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) शोध लावला की हा वेगळाच विषाणू आहे आणि तो गोचिडीतून येतो. म्हणून त्याचं इंग्रजी नावही क्यासनूरवरूनच पडलं. कन्नडमध्ये 'मंगन कायिले', आपल्याकडे माकडताप. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं; काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. बरा झाला म्हणावं तोवर काही जणांना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो आणि या वेळी तो मेंदूवर जातो. शंभरात तीन ते पाच माणसं दगावतात. माणसाकडून माणसाला हा होत नाही. हाच त्याचा गुण, आणि त्याच्याकडे कोणी न बघण्याचं कारणही हेच. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो शिरत नाही.

पन्नासेक वर्षं तो शिमोगा आणि शेजारच्या चार-पाच जिल्ह्यांत राहिला. 2012 नंतर पसरला. बंदीपूर, निलगिरी, वायनाड. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात, 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे, पुढे सावंतवाडी-बांद्याच्या बाजूला. त्याच सुमारास आमच्या बेळगाव जिल्ह्यातही रुग्ण सापडले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सत्तरी, दोडामार्ग, खानापूर. तीन राज्यं, पण डोंगर एक, जंगल एक आणि मजूरही तेच. आणि त्या डोंगरउतारांवरच्या काजूच्या बागा कोणाच्या? त्यातल्या कितीतरी आपल्याच लोकांच्या. बेळगावात, म्हापशात, डिचोलीत, पुण्यात राहणाऱ्या, मे महिन्यात दोन दिवस बागेत जाऊन हुर्राक पिऊन फोटो टाकणाऱ्या घरांच्या. माझ्या चुलत्यांचीही आहे, सत्तरीच्या हद्दीत. गोचिडीचा जोर साधारण डिसेंबर ते मे. काजू वेचायचा हंगाम फेब्रुवारी अखेर ते मे. सत्तरीतली साथ काजूच्या बागांत काम करणाऱ्यांत होती, हे तपासण्यांतूनच पुढे आलं. बोंडू झाडावरून काढत नाहीत. खाली पडलेलं, पातेऱ्यात हात घालून वेचतात. आणि गोचिडीची पिल्लं तिळापेक्षा लहान, नेमकी त्या पातेऱ्यात.

त्या बागेत खानापूरकडची एक बाई दरवर्षी वेचणीला यायची. नाव लिहीत नाही. साथीच्या त्या पहिल्या दोन हंगामांतल्या एकात ती तापली. मुकादमाने गोळ्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे मलेरियाची तपासणी केली, ती आली नाही, मग सलाईन लावून परत पाठवलं. तिच्या गावाजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात विचारलं, "ताप आला कुठे? गोव्यात? मग कागद तिकडचे आणा." तेव्हा या रोगाचे नमुने मणिपालला नाहीतर पुण्याला जायचे. उत्तर येईपर्यंत तिच्या नाकातून रक्त जाऊन थांबलंही होतं. ती वाचली. पण दीड महिना अंगात ताकद नव्हती आणि तो सबंध हंगाम गेला. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "अण्णा, जीव ऱ्हायला त्येच लई झालं. पर हजेरी कोन देनार?"

हिशेबाची वही माझ्याच हातात होती, कारण घरात हिशेब कळणारा मीच. जीपचं डिझेल, कुंपणाची तार, फवारणी, बोंडू काढणाऱ्या यंत्राची दुरुस्ती, सगळं तारीखवार लिहिलेलं. मी तिची बुडालेली हजेरी खर्चात धरली तर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, असं सुरू केलंस तर उद्या सगळेच तापतील." त्यावरून आमचं जे वाजलं ते वाजलंच. हजेरी दिली गेली. पण त्याचं ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे सरकारी पातळीवरही मला तेच वाक्य ऐकू आलं, फक्त भाषा बरी.

कारण या रोगावर लस होती. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी आधी दुसऱ्याच एका गोचीडतापाची, रशियाकडच्या, लस इथे वापरून पाहिली. ती चालली नाही. मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून, फॉर्मेलिनने मारून, आपली लस तयार झाली. पुढे ती बेंगळुरूच्या हेब्बाळला, जनावरांच्या लसी करणाऱ्या सरकारी संस्थेत व्हायची. कोणाच्या चेष्टेसाठी लिहीत नाही, पण माणसांची लस जनावरांच्या संस्थेत झाली, कारण बाकी कोणाला ती करायची नव्हती. 1990 च्या सुमाराच्या पाहणीत आकडे छान आले : दोन डोसनंतर नव्वद टक्क्यांवर संरक्षण. मग 2005 ते 2010 या वर्षांचा हिशेब मांडला गेला आणि 2013 मध्ये छापून आला. दोन डोसनंतर 62 टक्के. बूस्टर घेतले तर 83 टक्क्यांच्या आसपास. एकच डोस घेतलेल्यांना जवळजवळ काहीच नाही. आणि बूस्टर किती? दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग सहा-नऊ महिन्यांनी एक, मग पाच वर्षं दरवर्षी एक. सुई दुखरी. रोजंदारीवरचा माणूस दर वर्षी दंड सुजवून घेण्यासाठी कामाचा दिवस मोडेल का? नाही मोडला. मग अहवालांत शेरा पडायचा, 'लोकांचा प्रतिसाद कमी'.

मला राग येतो तो इथे. लस कमी पडतेय हे 2013 साली छापलेलं होतं. बँकेत एखादं खातं थकलं तर नव्वद दिवसांत त्याला एनपीए म्हणावंच लागतं. मॅनेजरची इच्छा असो वा नसो. इथे 2013 नंतरही तीच लस, तोच जुना वाण, त्याच गावांना टोचत राहिले. 2019 मध्ये सागर तालुक्यात अरळगोडूला माणसं मेली, तेव्हा वर्तमानपत्रं जागी झाली. शेवटी 2022 मध्ये ती लस थांबवली. थांबवली ते बरोबरच. पण थांबवताना हातात दुसरी तयार नव्हती. नऊ वर्षं कसली वाट बघत होतो आपण?

आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स मिळून नवी लस करतायत. हैदराबादकर वाचकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं : ही कंपनी राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाची, म्हणजे पुन्हा सार्वजनिक पैशाचीच. जनावरांच्या लाळ-खुरकुतीच्या लसीत आणि कुत्रा चावल्यावरच्या लसीत तिचं नाव आहे. लस व्हावी ही माझी मनापासून इच्छा. पण हे लिहितोय तोवर काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला देता येईल अशी माकडतापाची लस कोणत्याही आरोग्य केंद्रात नाही.

आता कोणी म्हणेल, विज्ञान अवघड असतं, वेळ लागतो. मान्य. मी बी.कॉम. आहे, विषाणूशास्त्र मला कोणी शिकवलं नाही. पण शेजारच्या दुकानातला भाव मला विचारता येतो. माकडतापाच्या विषाणूचा एक सख्खा चुलतभाऊ युरोपात आहे. तोही गोचिडीतून येतो, तोही मेंदूवर जातो. ऑस्ट्रियात त्याच्यावर 1970 च्या दशकापासून लस आहे, ती सुधारत नेली, देशातल्या बहुसंख्य लोकांना टोचली आणि रुग्ण झपाट्याने घटले. तिथे डोंगरात फिरायला जाणारा पर्यटक टोचून घेतो. तीही मारलेल्या विषाणूची, कोंबडीच्या पेशींत केलेली लस. पद्धत जवळजवळ आपलीच! मग फरक कशाचा? तिथे जो गोचिडीच्या वाटेत येतो तो मतदार आहे, ग्राहक आहे, त्याचा विमा आहे. इथे वाटेत येते ती हजेरीवरची बाई.

इबोलाचं तर ठळक उदाहरण आहे. रोग माहीत झाला 1976 साली. कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या लसीने माकडांना वाचवल्याचं 2005 साली छापून आलं. त्यानंतर ती फडताळात. कारण गिऱ्हाईक नाही, मरणारे आफ्रिकेतल्या खेड्यांतले. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ आली, अकरा हजारांहून जास्त माणसं गेली, एक-दोन रुग्ण अमेरिका-युरोपात उतरले आणि मग मात्र सगळे धावले. 2019 मध्ये त्या लसीला मान्यता. म्हणजे जे नऊ वर्षांत हललं नाही ते विमानातून ताप उतरल्यावर पाच वर्षांत झालं.

इबोलावरचं दुसरं औषध मला जास्त भावतं. लस म्हणजे आवर्ती ठेव. आधी थोडं-थोडं भरायचं, मग गरजेला शरीर स्वतःच्या खात्यातून काढतं. पण ज्याला रोग झालाच त्याला ठेवीचा काय उपयोग? त्याला रोख लागते. ती रोख म्हणजे अँटीबॉडी, बाहेरून तयार करून शिरेत सोडलेली. काही आठवडे पुरते, मग संपते, पण तेवढ्यात जीव वाचतो. कुत्रा चावल्यावर जखमेभोवती देतात ते सीरम हेच. पूर्वी ते घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढायचे, आता प्रयोगशाळेत पेशींतून करतात आणि ते करणाऱ्या कंपन्या आपल्याकडेही आहेत. इबोलावरची अशी एक अँटीबॉडी कोणाकडून मिळाली माहीत आहे? काँगोतल्या किकविट गावच्या 1995 च्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून. त्याच्या शरीराने जे शिकलं त्याचं औषध झालं आणि 2020 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

शिमोग्यात, सत्तरीत, दोडामार्गात माकडतापातून वाचलेली माणसं कमी नाहीत. साठ वर्षांहून जास्त काळ दरवर्षी वाचतायत. पण माकडतापावर आज अँटीबॉडी नाही. उपचार म्हणजे सलाईन, रक्त लागलं तर रक्त, ताप उतरायची वाट आणि देवाचं नाव. 2018 मध्ये केरळात निपाह आला तेव्हा त्याच्यावरची अँटीबॉडी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडहून मागवावी लागली. राजधानी म्हणवणाऱ्यांनी ही पावतीही फाइलला लावावी.

आता तीन आक्षेप, जे मला तोंडावर ऐकवले गेलेत.

"दरवर्षी चार-पाचशे रुग्ण, त्यासाठी कोट्यवधी?" हा आक्षेप शिकलेल्या माणसांकडूनच येतो. अहो, चार-पाचशे हा सापडलेल्यांचा आकडा. ज्या बाईला मलेरिया नाही म्हणून परत पाठवलं ती नमुना गेला नसता तर या आकड्यात आलीच नसती. आणि 2012 च्या आधी हे पाच-सहा जिल्ह्यांचं प्रकरण होतं, आता पाच राज्यांचं आहे. दरवर्षी वाढणाऱ्या जोखमीसाठी आम्ही तरतूद करून ठेवत होतो, बुडाल्यावर नव्हे.

"तेल लावा, जंगलात जाऊ नका." तेल जरूर लावावं. डेपा तेल आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतून आलं, चांगलं आहे, गोचीड दूर राहते. पण ते काही तासांचं काम. उन्हात, घामाने, पातेऱ्यात सकाळपासून वाकलेल्या अंगावर ते किती टिकतं हे एकदा बागेत उभं राहून बघा. आणि 'जंगलात जाऊ नका' हे कोणाला सांगायचं? तिला जंगलात आपण बोलावलंय. हजेरी देऊन.

"खासगी कंपन्या करतील की." नाही करणार. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याचा ग्राहक दरवर्षी काही हजार गावकरी, तेही फुकट टोचून घेणारे, त्या मालासाठी कोण कारखाना लावील? मी असतो तर कर्ज मंजूर केलं नसतं. म्हणून खरेदीची हमी सरकारने आधी द्यायची असते. पाच राज्यांनी मिळून दहा वर्षांसाठी एवढे डोस घेऊ असा करार लिहून दिला, तर कुठल्याही बँकेला त्यावर पैसे देता येतात. तो करार कुठे आहे? एकेक राज्य आपापल्या हद्दीत मेलेली माकडं मोजतंय.

आणि हद्दीवरून आठवलं. हे आमच्या भागातल्या लोकांना जरा लागेल. सीमाप्रश्नासाठी माझ्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्या, मीही मोर्चात चाललो, त्याबद्दल मला अभिमान आहे. खानापूर कोणाचं यावर आपण सात दशकं भांडतोय. पण खानापूरची बाई गोव्यात तापली तेव्हा तिचे कागद कोणी करायचे यावर एकाही सभेत ठराव आला नाही. मराठी माणसाच्या हक्काचं बोलताना ती मराठी बोलणारी बाई आपल्या यादीत कुठे होती?

लस हा विषय बेळगावकरांना नवा नाही. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आपण सकाळी फिरायला जातो, ते नाव उगाच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार व्हायची आणि गावोगावी जायची. त्याच्याही आधी, 1898 मध्ये, प्लेगच्या वेळी हाफकिनची लस शेजारच्या हुबळीत हजारोंनी टोचली गेली. आमच्या आजीची आई प्लेगात गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी घरात होत्या. तेव्हा रोग वाड्यात शिरत होता, म्हणून लसही झटपट दारात आली. आता त्या डेपोत लस होत नाही. तिथे काय व्हावं यावर वर्तमानपत्रांत पत्रं लिहिणारे आपण, लस व्हावी असं पत्र मी एकही वाचलं नाही.

मग करायचं काय? बागा असलेल्या घरांसाठी लिहितो. बाकीच्यांनी आपल्या नात्यातल्या बागवाल्यांना दाखवा. आमच्या बागेत गेल्या तीन हंगामांपासून तेल मालकाच्या खर्चाने आहे, दुपारी परत लावायला अर्धा तास सुट्टी धरून. पातेरा आधी यंत्राने बाजूला करतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला फोन, त्या तुकड्यात काम बंद, पण हजेरी चालू. तापलेल्या माणसाची हजेरी चालू. चुलतभाऊ अजून कुरकुरतो. एका किलो काजूमागे हा खर्च किती येतो ते मी काढलंय. सणाला नातेवाइकांना फुकट वाटतो त्या काजूपेक्षा कमी आहे.

आणि दुसरं. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्ही आरोग्यमंत्र्यांना एकच पत्र, तीन मागण्यांचं. नव्या लसीसाठी राज्यांनी मिळून आगाऊ खरेदीची हमी. वाचलेल्या रुग्णांच्या संमतीने त्यांच्या रक्तावरून अँटीबॉडीचं काम पुण्यात सुरू करणं. आणि हंगामी मजुराचा नमुना, उपचार आणि भरपाई, तो कोणत्याही राज्यात तापला तरी. मसुदा मी मराठी आणि इंग्रजीत करून ठेवलाय, कन्नडसाठी कोणीतरी हात द्या. ज्यांच्या नावावर या पट्ट्यात काजूची जमीन आहे त्यांनी सही करताना सर्व्हे नंबर आणि गेल्या हंगामात कामाला होती तेवढ्या माणसांची संख्या लिहावी. नुसत्या सह्या नकोत. फेब्रुवारीत वेचणी सुरू होईल, पत्र त्याआधी जायला हवं.